वाडीसमूहात सामील होताना
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी देवळाच्या भिंती, वेदी, घंटा आणि ज्या पूर्वजांनी घामाचे मोल देऊन हे सर्व उभारले त्यांच्याविषयी पुष्कळ सांगितले गेले, आणि ते योग्यच झाले. आमच्याकडे सोपविलेला विषय मात्र देवळाच्या आवाराबाहेरचा आहे. आपल्या घरापासून शे-पन्नास पावलांवर, शेजाऱ्याच्या ओटीवर, पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा कुटुंबांची जी छोटी मंडळी जमते, तिला कोणी लघु ख्रिस्ती समूह म्हणतात, कोणी नुसते वाडीसमूह म्हणतात. त्या मंडळीत आपण का जावे, गेल्यावर तेथे काय घडते, आणि जे जात नाहीत ते का जात नाहीत, एवढ्याच गोष्टींचा विचार आम्ही करणार आहोत. तिसऱ्या प्रश्नास वेळ अधिक लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

'हे काहीतरी नवीनच काढले आहे,' असा आक्षेप आपल्यातील वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतो. 'आमच्या वेळी मिस्सा होती, तेर्स होता, फेस्त होते. त्यात काय उणे होते?' आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या काळात आजच्यासारखी मोठी देवळे नव्हतीच. संत पौलाची पत्रे उघडून पाहावीत. त्यांत घरांची नावे आढळतात. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू करणारे जोडपे जेथे गेले तेथे त्यांच्या घरी मंडळी जमली. फिलिप्पै नगरात जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया हिने आपले दार उघडले. फिलेमोनाच्या घरीही अशीच मंडळी भरत असे. सीरिया देशात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस म्हणून एक जुने नगर होते. तेथील उत्खननात १९३० नंतरच्या वर्षांत तिसऱ्या शतकातील एक साधे राहते घर सापडले, ज्याच्या खोल्या प्रार्थनेसाठी व बाप्तिस्म्यासाठी वापरात आणल्या होत्या. तेव्हा ओटीवरची प्रार्थना ही देवळातल्या प्रार्थनेची थोरली बहीण आहे असे म्हटले तरी चालेल.

पण इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या वाडीच्या तोंडाशी जो खुरीस उभा आहे तो कशासाठी आहे? मे महिना आला की खुरसाला चुना काढावा, फुलांच्या माळा चढवाव्या, मेणबत्त्या लावाव्या आणि सगळ्या वाडीने मिळून लदीन म्हणावी, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांनी बालपणी पाहिली आहे. व्हायोलिन घेऊन मेस्त येई, शेवटी उकडलेले चणे वाटले जात, आणि मोठ्या माणसांची आणखीही काही सोय होई, तिच्याविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. लदिनीला बोलावणे लागत नसे. खुरीस कोणा एकाचा नव्हता, वाडीचा होता. मुंबईस गेलेल्या गोवेकरांनी हीच रीत धोबीतलावच्या कुडांत नेली. गावागावाच्या त्या कुडांत एक वेदी असे, संध्याकाळी तेर्स म्हणण्याचा नियम असे, आणि जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत गावच्या माणसाला तेथे आसरा असे. प्रार्थना आणि आधार ही दोन्ही एकाच छपराखाली नांदत होती.

शब्दाभोवती जमण्याचीही आपल्याला सवय होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, आपली भाषा शिकले आणि त्यांनी रचलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. ओवी ही एकट्याने मनात वाचण्याची वस्तू नव्हे. एकाने म्हणावी आणि दहांनी ऐकावी यातच तिची शोभा. पुढे पिढ्यानपिढ्या कोकणातील ख्रिस्ती लोक उपवासकाळात या ग्रंथाचे वाचन ऐकत आले. आपले हिंदू शेजारी गणपतीच्या दिवसांत घरोघर भजने म्हणत फिरतात. त्या रात्री एकाही घराची पायरी वगळली जात नाही, घर कौलारू असो वा स्लॅबचे. हे आपण लहानपणापासून पाहतो. मग आपल्याच वाडीत आपल्याला एकमेकांच्या पायऱ्या चढण्याचा संकोच का वाटावा?

आता वेंगुर्ल्याच्या लोकांस विशेष जवळची अशी एक हकीकत सांगतो. आपल्या गावात डच वखारीचे अवशेष आहेत. मुले तेथे खेळावयास जातात, परगावचे पाहुणे छायाचित्रे काढतात. सतराव्या शतकात ज्या डच कंपनीची ही वखार होती, तिच कंपनीने १६५८ पर्यंत सिंहलद्वीपाचा किनारा पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला आणि तेथे कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी केली. जवळजवळ तीस वर्षे त्या बेटावरील कॅथोलिकांना मिस्सा नव्हती. १६८७ साली गोव्याचे एक धर्मगुरू मजुराच्या वेषात तेथे उतरले. ते बाणावलीस जन्मलेले जुझे वाझ. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, आणि ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते यावरून ख्रिस्ती घरे हेरीत. मग रात्री एखाद्या घरी मंडळी जमे, पापनिवेदन होई, मिस्सा होई, आणि पहाटेपूर्वी फादर पुढच्या गावी निघून जात. पहिली कित्येक वर्षे ते एकटेच होते. एक धर्मगुरू आणि सगळे बेट! साहजिकच प्रत्येक ठिकाणी एखाद्या विश्वासू गृहस्थावर प्रार्थना चालविण्याचा, मुलांना शिकविण्याचा, आजाऱ्यांची खबर ठेवण्याचा भार सोपवून त्यांना पुढे जावे लागे. १७११ साली कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. संत जुझे वाझ यांची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. त्यांचे कार्य ज्या खांबांवर उभे राहिले ते खांब म्हणजे अशा छोट्या घरगुती मंडळ्या होत्या, हे मात्र तसबिरीत दिसत नाही.

याहूनही आश्चर्याची गोष्ट जपानात घडली. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेवटचा धर्मगुरूही नाहीसा झाला. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ तेथील खेड्यांतील कोळी व शेतकरी यांनी धर्म जपला. कसा जपला? फादरांनी पूर्वी स्थापन केलेल्या कोन्फ्रारींच्या धर्तीवर त्यांनी कामे वाटून घेतली होती. एकजण सणवारांचा हिशेब ठेवी, एकजण मुलांचा बाप्तिस्मा करी, एकजण घरोघर निरोप पोहोचवी. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या देवळात फादर पेतिझाँ यांच्यापुढे काही गरीब माणसे येऊन उभी राहिली आणि त्यांनी हळूच विचारले की पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे. फादर थक्क झाले. आम्ही ही गोष्ट सांगताना आमच्या मनात नेहमी तो निरोप पोहोचविणारा गृहस्थ येतो. त्याने कधी देऊळ पाहिले नाही, कधी मिस्सा ऐकली नाही; दर आठवड्याला उद्या कोणता सण आहे एवढे शेजाऱ्याच्या दाराशी सांगून तो परत येई.

अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, जी १९६२ ते १९६५ या काळात भरली होती, कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा असे मानाचे स्थान दिले. १९७५ साली पोप पाचवे पॉल यांच्या नव्हे, सहावे पॉल यांच्या प्रबोधपत्रात छोट्या समूहांविषयी आशा प्रकट झाली आणि सावधगिरीच्या काही अटीही घातल्या गेल्या. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७६ साली नैरोबी येथे या समूहांच्या बांधणीचाच विचार केला. आशियातील बिशपांच्या महासंघाने १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे, ख्रिस्तसभा म्हणजे अनेक समूहांनी मिळून झालेला एक समूह, असे चित्र पुढे ठेवले. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० नंतरच्या वर्षांत हे कार्य जोमाने वाढले आणि त्यात बिशप बॉस्को पेन्हा यांचा मोठा वाटा होता. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत तर वयाने लहान. ५ जुलै २००५ रोजी तो पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाला आणि बिशप आल्विन बार्रेटो त्याचे पहिले बिशप झाले. आपल्या धर्मप्रांतात घरे विखुरलेली, वाड्या दूरदूर, मधे डोंगर, खाड्या व काजूची रायवळे, आणि धर्मगुरू मोजके. अशा मुलखात वाडी जागी नसेल तर धर्मग्राम हे नाव फक्त नोंदवहीत राहते.

बैठकीत काय घडते, हे न गेलेल्यांस ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत फादर लोबिंगर व फादर हिर्मर या दोघा जर्मन धर्मगुरूंनी, जे दोघेही पुढे बिशप झाले, शुभवर्तमानाच्या सहभागाची सात पायऱ्यांची एक रीत प्रचारात आणली. तिला पंडिताची गरज नाही. प्रथम प्रभूला आपल्यामध्ये येण्याची विनंती करावयाची. मग शुभवर्तमानातील उतारा वाचावयाचा. मग ज्याच्या मनाला जो शब्द लागला तो त्याने मोठ्याने तीनदा म्हणावयाचा. त्यानंतर काही मिनिटे स्तब्धता. नंतर आपल्या मनात काय आले ते सांगावयाचे. सहाव्या पायरीवर प्रभूला आपल्याकडून कोणते काम हवे आहे याचा विचार होतो, आणि शेवटी प्रार्थना. कोणी उपदेश करावयाचा नाही, कोणी कोणाची चूक काढावयाची नाही.

या सातांमध्ये सहावी पायरी सर्वांत कठीण आहे असे आमचे मत झाले आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीच गाळली जाते. वाचन होते, स्तब्धता होते, डोळे भरून येतात. नंतर घड्याळाकडे पाहून सगळे सातव्या पायरीवर उडी मारतात. कारण सहाव्या पायरीवर नाव घ्यावे लागते. कोण जाणार? कधी जाणार? मागच्या बैठकीत ठरलेले झाले काय? येथे गोड बोलून निभावत नाही. ज्या समूहात ही पायरी जपली जाते तो समूह टिकतो, आणि जेथे ती गळते तेथे दोन-तीन वर्षांत फक्त तेर्स आणि चहा उरतो.

त्या पायरीचे मोल आपल्याला २०२० साली कळले. साथीमुळे देवळांची दारे बंद झाली, आणि कोणत्या घरात औषध संपले आहे, कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, हे सांगू शकणारी माणसे वाडीतच होती. पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ च्या सुमारास, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. माड उन्मळले, कौले उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या वेळी पत्रे धरावयास, फांद्या तोडावयास जे हात आले त्यांनी घर कोणत्या धर्माचे आहे हे विचारले नाही, आणि आपल्या घरांवर चढलेल्या शेजाऱ्यांनीही विचारले नाही. समूह ख्रिस्ती असला तरी त्याची सहावी पायरी सगळ्या वाडीची आहे.

आता जे येत नाहीत त्यांच्याविषयी. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही त्यांच्या ओट्यांवर बसून त्यांचे म्हणणे ऐकले आहे, आणि त्यातील बहुतेक कारणे आपण आत असणाऱ्यांनीच निर्माण केलेली आहेत.

एक मावशी म्हणाली, 'माका बोलूक येयना नाय.' तिला मालवणी उत्तम येते. तिला जे येत नाही ते पुस्तकी मराठी. बैठकीत दोन शिकलेली माणसे छापील भाषेत बोलू लागली की बाकीचे सारे देवळातल्या खांबांसारखे स्वस्थ बसतात. ज्या भाषेत माणूस मुलाला अंगाई म्हणतो त्या भाषेत त्याने देवाविषयी बोलावे यात कमीपणा तो काय? ज्या वाड्यांत मालवणी आणि कोंकणी मोकळेपणाने बोलली जाते तेथे स्त्रिया बोलतात, आणि स्त्रिया बोलू लागल्या की वाडीची खरी खबर लागते.

दुसरे कारण चहाच्या कपात आहे. हसू नये. पहिल्या घरी साधा चहा झाला. दुसऱ्या घरी त्याबरोबर बिस्किटे आली. तिसऱ्या घरी बटाटेवडे, चौथ्या घरी केक. पाचवे घर रोजंदारीवर जाणाऱ्या विधवेचे होते. तिने आपली पाळी आली तेव्हा मुलीला ताप आल्याचा निरोप पाठविला, आणि त्यानंतर ती बैठकीसच येईनाशी झाली. कोणीही तिचा अपमान केला नव्हता. बशा वाढत गेल्या, एवढेच. पुढे त्या समूहाने नियम केला की कोणत्याही घरी कोरा चहा किंवा पाणी, याहून अधिक काही नाही. आणि केक करणाऱ्या बाईनेच त्या विधवेच्या घरी जाऊन पुढची बैठक तुझ्याकडे घेऊ का, असे विचारले. ती बैठक झाली. बसावयास पाट कमी पडले, तेव्हा माणसे खळ्यात उभी राहिली.

तिसरे कारण जुने आहे, व ते बोलून दाखविण्यास कोणी धजत नाही. गोव्याच्या पुष्कळ देवळांतून कोणत्या कोन्फ्रारीत कोणत्या जातीच्या माणसाने असावे, लाल खांद्यावस्त्र कोणी पांघरावे, फेस्ताचा मान कोणाचा, हे ठरलेले असे. आपले पूर्वज तिकडूनच आले. येताना त्यांनी श्रद्धा आणली आणि तीबरोबर हे गाठोडेही आणले. देवळात आज हे दिसत नाही, कारण बाकावर कोणीही कोणाशेजारी बसतो आणि मिस्सा संपताच उठून जातो. ओटीवर मात्र दिसते. कोणाच्या घरचे पाणी कोण पितो हे दहा माणसांत लपत नाही. म्हणूनच आमच्या मते या समूहांचे खरे काम ओटीवरच आहे, आणि ते अजून अर्धेही झालेले नाही.

तरुणांचे कारण निराळे. ते सकाळी गोव्याकडे कामास जातात. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर तिकडे नोकरी शोधणारे वाढले आहेत. पाळीची नोकरी करणाऱ्यास सायंकाळी सातची वेळ कशी जमावी? येथे दोष तरुणांचा नसून वेळेचा आहे. रविवारी दुपारी चारला बैठक घेऊन पाहावी.

आणि भांडणे. कोकणात गडग्यावरून भांडण नाही अशी वाडी दाखवावी! एका वाडीत दोघे सख्खे भाऊ काजूच्या बागेच्या हद्दीवरून कित्येक वर्षे कोर्टात उभे आहेत. दोघेही समूहात. बैठक एकाच्या घरी असली की दुसरा येत नसे. एका उपवासकाळात वाचनाला, वेदीपुढे अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असा प्रभूचा उपदेश असलेला उतारा आला. कोणी मुद्दाम निवडला नव्हता. त्या दिवसाचा तोच होता. सहाव्या पायरीवर फार वेळ कोणी बोलले नाही. पुढच्या वेळी धाकटा भाऊ थोरल्याच्या दारात आला, आत न येता पायरीवर बसला, आणि प्रार्थना संपताच उठून गेला. पुढे तो आत येऊन बसू लागला. आपणांस वाटेल की खटला मिटला असेल. मिटला नाही, अजून तारखा पडत आहेत. परंतु वहिनी रुग्णालयात होती तेव्हा रात्री जागण्यास धाकटा गेला होता. आम्ही याहून अधिक काही सांगू इच्छीत नाही, कारण याहून अधिक घडलेले नाही.

यापुढची गोष्ट सांगताना मन जड होते. आपल्या वाड्यांतून बंद घरे वाढत आहेत. मुले मुंबईस, आखातात, दूरदेशी. घरात एक म्हातारा किंवा एक म्हातारी. अशाच एका घरी एक वृद्ध गृहस्थ स्वयंपाकघरात पाय घसरून पडले आणि दोन दिवस तसेच पडून राहिले. तिसऱ्या सकाळी दूध घालणाऱ्या मुलाने खिडकीतून पाहिले. चाळीस पावलांवर दोन्ही बाजूंना ख्रिस्ती घरे होती. दोन्ही घरी रोज संध्याकाळी तेर्स होत होता. त्या वाडीत तेव्हा समूह नव्हता. आता आहे, आणि त्याचा नियम एकच वाक्याचा आहे: दिवेलागणीला एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला गडग्यावरून हाक मारावयाची आणि उलट हाक आल्याशिवाय घरी परतावयाचे नाही. पाळीचा तक्ता एका मुलीने वहीच्या पानावर आखून खुरसाजवळच्या घराच्या भिंतीला लावला आहे. या तक्त्यावर दोन हिंदू घरांचीही नावे आहेत. ती त्यांनी स्वतः घालावयास सांगितली.

काही सावधगिरी मात्र हवी. समूह हे वर्गणी गोळा करण्याचे खाते होऊ नये. देवळाच्या प्रत्येक खर्चाची पावती समूहाच्या बैठकीत फाडली जाऊ लागली की माणसे दाराआडून 'घरात कोणी नाही' म्हणू लागतात. निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याही पक्षाचा कागद तेथे येऊ नये. जे ओटीवर बोलले गेले ते ओटीवरच राहावे. एकदा का ते मासळीबाजारात ऐकू आले की त्या समूहात पुन्हा कोणी मन उघडे करीत नाही. आणि समूह ही मिस्सेची जागा नव्हे. वेदीपासून तुटलेली मंडळी हळूहळू एखाद्या बोलक्या माणसाची मंडळी होते, हा धोका जगभर अनुभवास आलेला आहे.

सामील होण्यासाठी अर्ज नाही, वर्गणी नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात वाडीप्रमुख उभे असतात. त्यांना आपली वाडी आणि घर सांगावे म्हणजे पुढील बैठक कोणाकडे ते कळेल. जे नव्याने गावात राहावयास आले आहेत, बँकेत वा शाळेत बदलून आलेले आहेत, भाड्याच्या खोलीत आहेत, त्यांनी आपण येथले नाही असे समजून मागे राहू नये. त्यांच्या खोलीत जागा नसेल तर त्यांची पाळी शेजारच्या घरी घेण्यात येते. पहिल्या दिवशी काही बोलले नाही तरी चालते. शुभवर्तमानाचे पुस्तक नसल्यास तेथे मिळते. पावसाळ्यात येताना बॅटरी मात्र बरोबर आणावी, कारण पाणंदीत दिवे नाहीत आणि चिरे निसरडे झालेले असतात.